सहीच्या जागी पेन्सिलची फुली

वसई,
झावळ्यांच्या रविवारची आदली रात्र

प्रिय बाय,

जय ख्रिस्त. प्रकृती ठीक आहे, गुडघा कुरकुरतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुझेही तसेच असणार असे धरून चालते. नाताळानंतर माझे पत्र नाही, याचा हिशोब तू मांडून ठेवलाच असशील. तो सध्या बाजूला ठेव. आज जे लिहायचे आहे ते फोनवर बोलण्यासारखे नाही, कारण आमच्या घरात फोनला रेंज फक्त ओटीवर मिळते आणि ओटीवर वहिनी वाल सोलत बसलेली असते.

या सोमवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेचे पहिले बायबल-वाचन माझे होते. रविवारी संध्याकाळी आपली हेडमास्तरीण घरी आली. होय, वाचकांची यादी अजून तीच करते आणि अजून लाल शाईनेच करते. चहा घेतला, बाबांच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि उठता उठता म्हणाली, "ह्या आठवड्यात तू वाचू नकोस गं. लोक काहीबाही बोलतात. जरा निवळू दे." मी "बरं" म्हटले. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या सोमवारी कुठले वाचन असते ते तुला आठवते का? सुसान्नाचे. दानिएलच्या तेराव्या अध्यायातले, जो अध्याय तुझ्या सासरच्या प्रोटेस्टंट बायबलात नाहीच, आणि ज्यावरून लग्नानंतर पहिल्याच वर्षी तू तुझ्या सासऱ्यांशी वाद घालून बसली होतीस. दोन वडीलधारे न्यायाधीश बागेत एकटी असलेल्या एका सज्जन बाईवर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात, आणि न्यायाधीशच साक्षीदार असल्यामुळे सारी सभा तो खरा मानते. अशा बाईची गोष्ट वाचायला मी नको, असे ठरले होते.

मी मागच्या बाकावर बसून ऐकले. वाचणाऱ्या मुलीने संक्षिप्त पाठ घेतला, म्हणजे बागेतली सगळी हकीकत गाळून थेट मरणदंडापासून सुरुवात. मला हसू आवरेना. आपल्या गावाला माझ्या बाबतीत नेमका तेवढाच पाठ मिळालेला आहे: शिक्षा सर्वांना पाठ, बागेत काय घडले ते कोणालाच ठाऊक नाही. त्याच दिवशीचे शुभवर्तमान योहानाच्या आठव्या अध्यायातले, व्यभिचारात धरलेल्या बाईचे. एक निर्दोष आणि एक दोषी, दोघींना एकाच सकाळी शेजारी शेजारी उभे करणाऱ्याला बायकांच्या अब्रूविषयी गावापेक्षा अधिक कळत असावे.

आता बागेतली हकीकत ऐक. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले हे तुला कळवलेच होते. मृत्युपत्र त्यांनी केले नाही. विहिरीपलीकडची केळीची वाडी त्यांच्याच नावावर आहे, आणि तिला आता गिऱ्हाईक आले आहे. दादाला ती विकायची आहे. त्याच्या मुलाच्या कॅनडातल्या शिक्षणाचे पैसे भरायचे आहेत, आणि खरे सांगायचे तर वाडीत आता राम उरलेला नाही. विहिरीचे पाणी मचूळ झाले आहे आणि गडी मिळत नाही. विकण्याला माझी ना नव्हती, आजही नाही. आधी वारसनोंद व्हायला हवी: तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. अर्जासोबत जोडायचे प्रतिज्ञापत्र दादाने टाईप करून आणले आणि जेवणानंतर माझ्यापुढे ठेवले. सहीच्या जागी त्याने पेन्सिलने बारीक फुली केली होती, शाळेत आपण मुलांच्या पालकांसाठी करतो तशी. वरती लिहिले होते: "मयतास खालीलप्रमाणे वारस असून त्यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत, असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते." खाली तीन नावे. दादा, मी, धाकटा.

ताईचे नाव नव्हते.

हे वाचून तू जिथे बसली असशील तिथे उठून उभी राहिली असशील, म्हणून हे पत्र तुला. ठाण्याच्या त्या विवाह नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदारांत तुझी सही आहे. तेव्हा पालघर जिल्हा कुठे होता, ठाण्यालाच जावे लागे, आणि तू घरी सांगितले होतेस की शिवणकामाच्या परीक्षेला जाते! ताई परधर्मीयाशी नोंदणी लग्न करून गेली आणि नाव गेले तुझे. तुझ्या आईला महिला मंडळाच्या सभेत पुढची खुर्ची मिळेनाशी झाली, ते आठवून मला अजून राग येतो.

मी दादाला म्हटले, ताईचे नाव घाल, मग सही करते. तो म्हणाला, ती गेली तेव्हाच गेली. मी म्हटले, ती जिवंत आहे. तो म्हणाला, बाबांनी तिचे नाव टाकले होते. मी म्हटले, बाबांनी घरात टाकले होते, सातबाऱ्यात बाबांचे काय चालते? तो कधी नव्हे तो ओरडला. दादा वाईट माणूस नाही, बाय. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना आंघोळ घालणारा तोच होता. पण ताईला विचारले तर ती हिस्सा मागेल, तिचा नवरा उभा राहील, गिऱ्हाईक पळेल, अशी भीती त्याच्या मनात बसली आहे आणि त्या भीतीला तो घराची अब्रू म्हणतो.

नंतर मी वसई रोडला वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितले की आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आईवडील दोघेही नसतील आणि मृत्युपत्र नसेल तर सर्व मुलांना समान वाटा, मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मयत ख्रिस्ती असला की पुरे, वारसाने कोणाशी लग्न केले हे कायदा विचारत नाही. केरळात मेरी रॉय बाईंना याच समान वाट्यासाठी भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तिथे 1916 चा त्रावणकोरचा कायदा चाले आणि त्यात मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. "जे कमी असेल ते" हे शब्द ऐकून मी वकिलांसमोर मोठ्याने हसले. 1986 साली बाई जिंकल्या. आपल्याकडे जिंकायची गरजच नाही, कायदा पहिल्यापासून आपल्या बाजूचा. फक्त बहिणींनी फुलीवर सही करायची रीत पडली आहे. सही करणारी ती गुणी बहीण, आणि विचारणारी ती भावाच्या दारात कोर्ट आणणारी.

येताना रिक्षा मिळेना, म्हणून वकिलांच्या कारकुनाने स्कूटरवरून तिठ्यापर्यंत सोडले. कारकून विधुर आहे. एवढे पुरले. पहिल्या आठवड्यात गावात बोलणे होते की बाईने गिऱ्हाईकाकडून परस्पर पैसे खाल्ले, म्हणून सही अडवते. ते टिकले नाही, कारण माझी एकच जुनी घड्याळाची पट्टी आणि ठिगळाची छत्री सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. मग स्कूटर आली. मी बघते आहे की बाई जमिनीवरून बोलली की गोष्ट पैशापासून सुरू होते आणि पदरापाशी येऊन संपते, मग तिचे वय काही का असेना. गुडघ्याला तेल चोळणाऱ्या बाईवर हा आळ येतो, याचा थोडा अभिमान वाटला तर तो मला फादरांपुढे पापाच्या कबुलीत सांगावा लागेल का, हे तूच सांग.

मला टोचते ते गावाचे बोलणे नाही. टोचते ते हे, की मला माझे नाव एका वाक्यात परत मिळवता येते. हेडमास्तरणीला चहा देताना मी एवढेच म्हणायचे होते, "दादाने ताईला वगळून खोटे प्रतिज्ञापत्र केले, मी सही केली नाही." दुसऱ्या दिवशी सुसान्ना मीच वाचली असती. पण मग दादाचे काय? तो चर्चच्या धर्मग्राम परिषदेवर आहे, त्याची मुलगी लग्नाची आहे, आणि कागद अजून तलाठ्याकडे गेलेला नाही, म्हणजे जे पाप पुरते घडलेही नाही त्याचा डंका मी वाजवायचा. माझे नाव धुवायला त्याच्या नावाचे पाणी लागते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि तोंड बंद ठेवले तरी रक्त येतेच.

फादरांकडे गेले होते. कबुलीत नव्हे, बाहेर बाकावर बसून बोलले. त्यांनी धर्मशिक्षण ग्रंथ काढला, 1992 चा, आणि आठव्या आज्ञेखालचा भाग दाखवला: खोटे सांगून कोणाचे नाव घालवणे हे पाप, आणि खरे असूनही, पुरेसे कारण नसताना, ज्यांना ठाऊक नाही त्यांना कोणाचा दोष सांगणे हेही पाप. मी विचारले, "आणि गप्प राहून माझ्यावरचा आळ खरा ठरू देणे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही करू नका, हे पक्के. बाकी, सांगायचे ते कोणाला सांगायचे याचा विचार करा." फादर तरुण आहेत, पण डोके जुने आहे.

तेव्हापासून मी तोच विचार करते आहे. मध्ये तुझे ते कॉलेजातले भाषणही आठवले, पंडिता रमाबाईंवरचे, ज्यात तू टेबलावर मूठ आपटलीस आणि पहिले बक्षीस घालवलेस. (परीक्षकांनी ते मला दिले म्हणून तू माझ्याशी नाताळपर्यंत बोलली नव्हतीस, मी विषय "वसईचा किल्ला" घेतला होता, त्यात मूठ आपटण्यासारखे काही नव्हते, एवढाच माझा गुण.) तू म्हणाली होतीस की 1878 साली ज्या समाजाने त्यांना 'सरस्वती' म्हणून डोक्यावर घेतले, त्यानेच 1883 च्या बाप्तिस्म्यानंतर त्यांना नावे ठेवली, 1893 साली त्यांच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोकही बाहेर पडले, आणि बाई दुसऱ्या दिवशी मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसाचे तू पदरचे घातले होतेस हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी आता ते पटते. शाळेत सातवीचे पेपर तपासायचे असतात, आणि पेपराला गावात काय बोलले जाते हे माहीत नसते.

बायबलातल्या गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात, आणि देव म्हणतो की त्या बरोबर बोलतात. एवढे स्पष्ट वाक्य असून ते आपल्याकडे महिला दिनाला कोणी वाचत नाही. आपण नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचतो, सद्गुणी स्त्रीचा, आणि त्यातही ती शेत विचारपूर्वक विकत घेते हे वाक्य घाईने उरकतो. दिवा न विझणे आणि पहाटे उठणे मात्र सावकाश.

फादरांच्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच सुचते की गावाला हे कळण्याचा काही अधिकार नाही, हेडमास्तरणीला नाही, पण ताईला आहे. तिच्या वाट्याची गोष्ट तिच्यापासून लपवून मी दादाला सांभाळते, असे होता कामा नये. तिला कळल्यावर ती वाटा मागेल, सोडेल, की दादाला येऊन दोन थोबाडीत देईल, तो तिचा प्रश्न. हक्क सोडायचा तर तिने सोडावा. आपण तिच्या वतीने तिला जगातून वजा करू शकत नाही. दादाला मी हे काल सांगितले. तो जेवला नाही. वहिनीने माझे ताट वाढले, पण बोंबील दिला नाही, ही आमच्या घरातली अधिकृत निषेधाची पद्धत आहे.

तुझ्या धाकट्याचे बारावीचे पेपर कसे गेले? सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? नाशिकला थंडी सरली असेल, आणि तुझी बदली रद्द झाली हे ऐकून बरे वाटले. सुकेळी पाठवते आहे, सगळी एकटीने खाऊ नकोस.

आता काम. ताईचा पत्ता तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. दर नाताळाला तिचे कार्ड तुला येते, हेही ठाऊक आहे. तू कधी सांगितले नाहीस आणि मी कधी विचारले नाही, कारण तुला सांगणे म्हणजे विहिरीत सांगणे, हा गुण दोन्ही बाजूंना चालायला हवा. आता विचारते. आधी तिला विचार की मी लिहिलेले चालेल का. ती नको म्हणाली तर पत्ता देऊ नकोस, फक्त वरची हकीकत तिला कळव आणि वकिलांचा नंबर दे. तो वेगळ्या चिठ्ठीवर सोबत जोडला आहे. ती हो म्हणाली तर पत्ता पाठव, आणि ईस्टरच्या आत पाठव, कारण दादा अर्ज ईस्टरनंतर देणार आहे, माझ्या सहीशिवाय द्यायचा झाला तरी.

उत्तर घरी पाठवू नकोस, शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरची टपाले पोस्टमन वहिनीच्या हातात देतो, आणि नाशिकचा शिक्का पाहिला की तिला लगेच चष्मा सापडतो.

तुझीच,
चिंगी