दांडिया बाजारच्या काकांना, पाइप वाचवल्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही मोबाइल फोन घेण्यापुरताच वापरता हे माहितेय, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथेच लिहितोय, आणि बडोद्यात तंबाखूचा पाइप ओढणारे आणखी चार-दोन असतीलच, त्यांच्याही कामाला येईल. नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

तो जुना ब्रायरच्या लाकडाचा पाइप आणला होता ना, तळाजवळ एका जागी इतका तापायचा की बोट टेकवत नव्हतं, वरचं पॉलिशही तिथे फुगलं होतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे "पाइप तो गरम थाय ज, भाई". मी टाकूनच देणार होतो. तुम्ही हातात घेतलात आणि किती तापतो ते विचारलंच नाही, विचारलंत "कुठे तापतो?" बास, तिथेच मला कळलं की योग्य माणसाकडे आलोय.

कारण तुमचं गणितच जागेवरून. वर काठाजवळ एकाच बाजूला काळं पडलं असेल तर दोष ज्योतीचा, लायटर रोज त्याच अंगाला झुकतोय, आणि जेट लायटर तर पाइपच्या आसपासही आणायचा नाही, काडी ओढायची, तिचं गूल जळून जाऊ द्यायचं आणि मग ज्योत तंबाखूवर गोल फिरवायची. तळाशी तापत असेल तर तिथे कार्बनचा थर धरलेलाच नाही, कारण शेवटची ओलसर तंबाखू कोणी संपवत नाही, झटकून मोकळे होतात. आणि मधेच भिंतीत एक ठिपका तापत असेल तर बहुतेक लाकडातच खोट, आतमध्ये खड्डा किंवा चीर. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या झुडपाची बुंध्याजवळ, जमिनीत वाढणारी गाठ, तिच्यात दगड-वाळू अडकणारच, बनवणाऱ्याला तरी बाहेरून काय दिसणार.

माझा दुसऱ्या प्रकारातला निघाला. तुम्ही सळईने तळ हळूच टोचत गेलात, घट्ट लागलं तर कार्बन, भुसभुशीत लागलं तर लाकडाचाच कोळसा झालेला, तेवढंच खरवडलंत, धूर ओढायचं भोक बुजू नये म्हणून त्यात पाइप क्लीनर सारलात आणि सिगारची राख पाण्यात कालवून लिंपलीत. मला वाटलं होतं काहीतरी फॉरेनचं केमिकल लागेल! वर दम दिलात, पूर्ण वाळल्याशिवाय पेटवायचा नाही.

मग केकचं, म्हणजे त्या कार्बनच्या थराचं. नवा बिडाचा तवा जसा हळूहळू तयार करतात तसाच बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, आधी अर्धाच भरायचा, सावकाश ओढायचा, तळापर्यंत संपवायचा, म्हणजे थर खालून धरतो. एक-दीड मिलिमीटर पुरे, जास्त झाला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि बाउल तडकतो. हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं जाड तेवढं चांगलं. आतून मध लावायचा तुमचा जुना नुस्खा मात्र मला अजून पटलेला नाही, त्यावर भांडू कधीतरी.

पावसाळ्यात तंबाखू दमट होते, ती विझत राहते, आपण जोरजोरात ओढतो, पुन्हा पेटवतो, आत वाफ होते, जीभ पोळते आणि बाउल तापतो, म्हणून आता आधी कागदावर पसरून ठेवतो. अगदी कडक पण नाही होऊ द्यायची, ती भराभरा जळते. आणि उत्तरायणात धाब्यावर पाइप घेऊन चढलो तेव्हा खालूनच ओरडलात, वाऱ्याने निखारा झुरका न घेताच फुलतो, झाकण लाव नाहीतर पतंग उडव. पतंगच उडवला. आमच्या मित्राला अजून वाटतं की चरोतर, म्हणजे आणंद-खेड्याकडचा तंबाखूचा पट्टा, इतकं जवळ असताना मी तंबाखू बाहेरून कशाला मागवतो, त्याला परत एकदा सांगितलं की तिथली तंबाखू बिडीची.

सध्या बाउल गालाला लावून बघतो, सहन होत नसेल तर खाली ठेवतो, विझला तर विझला. एकदा ओढला की दुसऱ्या दिवशी सुट्टी. गरम असताना स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, उपसायचा नाही हेही लक्षात आहे. लिंपण अजून टिकून आहे, फोड वाढलेला नाही, बोट आरामात टेकतं.

पैसे घेतले नाहीत, नुसतं "लीलो चेवडो आण" म्हणालात. रविवारी आणतो, सोबत मित्राचा मीअरशॉम, म्हणजे पांढऱ्या मऊ दगडाचा पाइप, पण आणतोय, त्यात केक नको असतो तरी त्याने तो जमवायला घेतलाय, तुम्हीच त्याला झापा.

तुमचा,
रावपुऱ्यातला पाइपवाला