मर्चंटकडची खरेदी: पुरवणीतील सल्ल्यावर हरकत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘रेसिडेंट इव्हिल ४’ या व्हिडिओ गेमच्या २०२३ सालच्या नव्या आवृत्तीवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. वातावरणनिर्मितीबद्दल त्यात लिहिलेले पटले. मात्र मर्चंटकडून, म्हणजे खेळातल्या दुकानदाराकडून, बंदुका घेण्याचा परिच्छेद नवख्या खेळाडूला अडचणीत टाकणारा आहे. ‘पैसे साठवून सर्वांत महाग बंदूक घ्या, जमले नाही तर अपग्रेडचे तिकीट ऑनलाइन विकत घ्या’ हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत घरोघरी कन्सोल आले आहेत आणि त्यांचे बिल पालक भरतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी महाग बंदुकीविषयी. किलर७ ही मॅग्नम, म्हणजे जबर ताकदीचे पिस्तूल, ७७,७०० पेसेटांना (पेसेटा हे खेळातले चलन) मिळते. तिची ताकद कोणी नाकारत नाही, पण मॅग्नमच्या गोळ्या खेळभर तुटपुंज्या असतात. तिच्यासाठी पैसे दाबून ठेवणारा खेळाडू अर्धा किल्ला मूळ अवस्थेतल्या पिस्तुलावर काढतो आणि गर्दी अंगावर आली की गोळ्या संपवून बसतो. रॉकेट लाँचरचेही तसेच. ८०,००० पेसेटा मोजून एकच गोळा हाती येतो. एखादा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, एका फटक्यात आडवा होईल, पण तेवढ्या पैशांत दोन बंदुका शेवटपर्यंत पुरतील इतक्या सुधारता येतात.

चांगल्या बंदुका फुकटही मिळतात. डब्ल्यू-८७० शॉटगन पहिल्याच चॅप्टरमध्ये गावातल्या घरात वरच्या मजल्यावर भिंतीला लावलेली असते. रेड९ पिस्तूल चौथ्या चॅप्टरमध्ये तळ्यातल्या बोटीच्या सांगाड्यावर सापडते. ते उचलणारे पुष्कळ जण मात्र ‘हात फार हलतो’ म्हणत ते विकून टाकतात. त्याचा झटका मोठा आहे हे खरे, पण वेगळा मिळणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) जोडला की ते बरेच आटोक्यात येते. मर्चंटकडे पहिला खर्च करायचाच असेल, तर १२,००० पेसेटांची एसआर एम१९०३ रायफल घ्यावी. २८,०००ची रायट गन ही दुसरी शॉटगन दिसताच डब्ल्यू-८७० विकण्याची सर्वत्र घाई असते, तीही अनाठायी. डब्ल्यू-८७०च्या एक्सक्लुझिव्ह, म्हणजे शेवटच्या खास, अपग्रेडने तिची पॉवर दुप्पट होते, रायट गनची दीडपटच.

एक पिस्तूल, एक शॉटगन आणि एक रायफल एवढ्यावर खेळ नीट पार पडतो. सगळी पिस्तुले एकाच प्रकारच्या गोळ्या खातात, त्यामुळे दुसरे पिस्तूल बाळगून गोळ्या काही वाढत नाहीत, पेटीतली जागा तेवढी जाते. अपग्रेडचा पैसाही दोन्हींत वाटला जातो आणि दोन्ही अर्धवट राहतात. जी बंदूक सध्या नको आहे ती टाइपरायटरपाशी स्टोरेजमध्ये ठेवावी.

अपग्रेडचे टप्पे एकदम खुले होत नाहीत, कथा पुढे सरकेल तसे मर्चंट नवे टप्पे देतो. म्हणून एकाच भेटीत खिसा रिकामा करण्यात अर्थ नाही. सहसा पॉवर आधी घ्यावी. अॅमो कपॅसिटीबाबत, म्हणजे बंदुकीत मावणाऱ्या गोळ्यांबाबत, एक गंमत आहे, ती लेखात यायला हवी होती: कपॅसिटी वाढवली की मॅग्झिन आपोआप पूर्ण भरून मिळते, तेही खिशातली एकही गोळी न वापरता. त्यामुळे ते अपग्रेड भरलेल्या बंदुकीवर कधीच घेऊ नये. मॅग्झिन रिकामे होईपर्यंत थांबावे. मॅग्नमच्या बाबतीत तर हा फायदा सोडणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. सुरीचे विसरू नये. वार अडवताना कॉम्बॅट नाइफ झिजते आणि ऐन वेळी मोडते, ती मर्चंटकडून प्रत्येक भेटीत दुरुस्त करून घ्यावी. सापडलेल्या किचन नाइफ दुरुस्त होत नाहीत, त्या वापरून संपवाव्यात.

पैसा कमी पडण्याचे खरे कारण बंदुकांच्या भावात नसते, रत्ने सुटी विकण्यात असते. जांभळी नाक्यावर चार आण्यांसाठी घासाघीस करणारे आपण इथे हजारोंचे नुकसान हसत करतो! एलिगंट क्राउनचेच गणित पाहा. नुसत्या मुकुटाचे १९,००० मिळतात. त्याच्या पाच खाचांत नीलम (४,०००), पाचू (५,०००), अलेक्झांड्राइट (६,०००), पिवळा हिरा (७,०००) आणि लाल बेरिल (९,०००) बसवले की बेरीज ५०,००० होते. पाचही रंग वेगळे असल्यामुळे त्याची दुप्पट, म्हणजे पूर्ण १,००,००० पेसेटा हातात पडतात. नीलमऐवजी ३,०००चे माणिक बसवले तर त्याचा लाल रंग बेरिलशी जुळतो, दुप्पट मिळत नाही आणि एकच वस्तू लाखाला विकल्याची ट्रॉफी हुकते. रंग एकसारखे असले तर गुणक कमी मिळतो. तेव्हा मुकुट हाती येईपर्यंत वेगवेगळ्या रंगांचे एकेक रत्न राखून ठेवावे, विकायचेच झाले तर जास्तीचे माणिक विकावे.

आता तिकिटाविषयी. एरवी एखाद्या बंदुकीचे बाकी सगळे अपग्रेड पूर्ण झाल्यावरच एक्सक्लुझिव्ह अपग्रेड खुले होते. तिकीट ही अट मोडते. हेच तिकीट मर्चंटकडे ३० स्पिनलच्या (अदलाबदलीसाठीच्या खास रत्नांच्या) बदल्यात मिळते. स्पिनल त्याने चिकटवलेल्या निळ्या कागदांवरची कामे केली की जमतात: उंदीर मारणे, निळी पदके फोडणे वगैरे. मॅप किंवा सुट्या रत्नांवर स्पिनल आधीच उडवले, तर तिकिटासाठी ताटकळावे लागते. तिकीट वापरावे ते शेवटपर्यंत बाळगायच्या बंदुकीवर, कारण पुढे वाढणारी पॉवरही त्याच गुणकात धरली जाते.

खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने ७ एप्रिल २०२३ पासून हेच तिकीट खऱ्या पैशांत विकायला काढले, एका तिकिटाला २.९९ डॉलर. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या, एकट्याने खेळायच्या खेळात ही विक्री आमच्या मते लाजिरवाणी आहे. आपल्या लेखाने तिची शिफारस करावी याचे आश्चर्य वाटते.

आणखी एक. युरोपात खेळांना वयानुसार दिल्या जाणाऱ्या वर्गीकरणात हा खेळ पेगी १८ वर्गात आहे, म्हणजे तो प्रौढांसाठी आहे. लेखात याचा उल्लेखही नव्हता. घरात प्लेस्टेशन असेल आणि कार्ड खात्याला जोडलेले असेल, तर सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याचा पर्याय सुरू करावा. मुलाचे खाते फॅमिली मॅनेजमेंटखाली वेगळे उघडल्यास वयानुसार खेळ रोखता येतात आणि महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवता येते.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)