गिअर सोडा, मागचे दात मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोज कामावर सायकलने जायचे तर गिअरचीच घ्या, साधी सायकल चढावर जीव काढते, असा सल्ला हल्ली सायकलच्या दुकानातही मिळतो. साधी सायकल चढावर जीव काढते हे खरे. पण त्याचा दोष बहुतेक वेळा मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या, दातांकडे जातो, आणि ते दात बदलता येतात. खर्च काहीशे रुपयांचा.

आपल्याकडच्या २८ इंची उभ्या सायकलीला पुढे पायडलपाशी ४४ किंवा ४८ दातांचे चेनव्हील असते आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील. चाकाचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा. म्हणजे ४८ ला १८ असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल ५.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी २१ किलोमीटर. सांगली-इचलकरंजीच्या सपाट रस्त्यावर हे झकास चालते. पुण्यात उड्डाणपुलाच्या चढावर मात्र वेग ताशी आठ किलोमीटरवर येतो आणि पायडल मिनिटाला जेमतेम २३ वेळा फिरते. एवढ्या संथ फेरीत प्रत्येक वेळी अंगाचा भार टाकून पायडल दाबावे लागते. गुडघे दुखतात ते इथे.

मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवले की तीच फेरी ४.८ मीटरची होते. त्याच चढाला, त्याच वेगाला पाय २८ वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो. तोटा सपाटीवर: २१ चा वेग सतरा-साडेसतरावर येतो. आठ किलोमीटरच्या अंतरात हा फरक कागदावर पाच मिनिटांचा. प्रत्यक्षात त्यातला बराचसा पुढच्या सिग्नलला भरून निघतो. पेठांपासून डेक्कन-शिवाजीनगरपर्यंतच जाणे-येणे असेल तर २० दात पुरतात. स्वारगेटहून कात्रजकडे किंवा वारज्याकडे रोज चढायचे असेल तर २२. चांदणी चौकाचा चढ रोजच्या वाटेवर असेल, तर मात्र खुशाल गिअरची घ्यावी. तिथे साध्या सायकलीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

फ्रीव्हील बदलताना चेनही नवीच टाकावी. बारा इंचांत चेनचे चोवीस भाग बसतात. ते मोजताना बारा आणि एक अष्टमांश इंच भरले तर चेन संपली असे समजावे. अशी ओढलेली चेन नव्या दातांवर नीट बसत नाही आणि जोर दिला की उडते. चार दात वाढले की चेन एक इंचाने लांब लागते. मागच्या चाकाचा एक्सल खाचेत अर्धा इंच पुढे सरकायला जागा असेल तर जुन्या लांबीतही भागते, पण मग मागचे ब्रेक आणि मडगार्ड पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, आणि मोठे फ्रीव्हील चेनकव्हरला घासत नाही ना, तेही पाहावे लागते. चेन ताणताना खालच्या बाजूला मधोमध अर्धा इंच ढील ठेवावी. चेनव्हील पूर्ण गोल क्वचितच असते, म्हणून पायडल सावकाश फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे ही ढील मोजावी. बरेच जण पहिल्या जागी मोजून नट आवळतात. मग फेरीत एकदा चेन कण्हते आणि एक्सलचे छर्रे लवकर जातात.

पायडल मारताना पाय एकदम रिकामा जातो, तेव्हा फ्रीव्हीलमधली कुत्री (आतल्या दातांत अडकून चाक ओढणारे छोटे खटके) मिटून अडकलेली असतात. कारण बहुधा आत भरलेले ग्रीस. ग्रीस घट्ट झाले की कुत्री उठत नाहीत. रॉकेल आता सहज मिळत नाही. डिझेलने धुवावे आणि शिलाई मशीनचे पातळ तेल सोडावे. खोबरेल नको, ते चिकटते.

खरी दुर्लक्षित वस्तू म्हणजे कॉटर, पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या एक्सलवर पक्का धरणारी खीळ. दर फेरीला एकाच जागी पायाखाली ‘टक्’ असा हिसका बसतो, तेव्हा कॉटर ढिला झालेला असतो. लोक पान्याने नट आवळतात आणि दोन दिवसांत हिसका परत येतो. नट फक्त कॉटर धरून ठेवतो, आत बसवत नाही. तो हातोडीनेच बसतो. क्रँक आडवा ठेवून त्याच्याखाली जमिनीपर्यंत लोखंडी नळीचा आधार द्यायचा, म्हणजे घाव आतल्या छर्‍यांवर जात नाही. दोन-तीन नेमके घाव, मग नट. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही कॉटर उलट बाजूंनी घालायचे, एकाचा नट वर तर दुसऱ्याचा खाली. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ढिला कॉटर तसाच रेटला तर क्रँकचे भोक आणि मधल्या एक्सलची खाच दोन्ही खाल्ली जातात, आणि किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होते.

पावसाळ्यात लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाही. ओला ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीच हलका दाबून रिम पुसून घ्यावी आणि मग जोर द्यावा. रोज सकाळी हवा उतरलेली दिसली तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बघावी. बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी) कुजली आहे, एवढेच.

हे सगळे सायकलवाल्याने करायचे. पण एका गिअरच्या सायकलीला सर्वांत जास्त जोर लागतो तो थांबल्यावर पुन्हा निघताना, आणि तो वाचवणे रस्ता बांधणाऱ्यांच्या हाती आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीसोबत (बससाठी राखीव मार्गिकेसोबत) सायकल ट्रॅक आले. असा ट्रॅक प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खाली उतरतो, मध्ये खांब येतो, पलीकडे पुन्हा कठडा चढतो. म्हणजे दर शंभर-दोनशे मीटरला उतरा आणि शून्यातून सुरुवात करा. मग सायकलवाला ट्रॅक सोडून डांबरावर जातो, यात नवल काय? गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक त्याच उंचीवर पुढे न्यावा आणि चढ मोटारीला द्यावा. पावसाळी गटारांच्या झाकणांच्या पट्ट्या रस्त्याच्या आडव्या असाव्यात; उभ्या पट्ट्यांच्या फटीत दीड इंची टायर सरळ उतरतो. आणि कचेऱ्यांच्या आवारात पुढचे चाक अडकवायचे वाकडे स्टँड काढून उलट्या यू आकाराच्या नळ्या रोवाव्यात, म्हणजे कुलूप चाकाऐवजी सांगाड्याला लागेल आणि बाजूची सायकल पडली तरी रिम वाकडी होणार नाही.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे