तासाच्या शेवटचं ‘समजलं बाई!’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अध्यापन संशोधनाच्या आधारे सुधारले पाहिजे असे सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला, आणि त्यावर आलेली दोन रागीट पत्रेही. लेखकाचे म्हणणे, शिक्षक संशोधन वाचतच नाहीत. पत्रलेखकांचे म्हणणे, संशोधन करणाऱ्यांनी एकदा साठ मुलांचा वर्ग सांभाळून दाखवावा, मग बोलावे. वर्गातल्या अनुभवापुढे कागदावरच्या आकड्यांची काय मातब्बरी! मी 22 वर्षे गणित शिकवते. त्यामुळे स्वाभाविकच मी दुसऱ्या बाजूला उभी राहायला हवी. राहिलेही असते, पण माझ्या अनुभवाने मला बरीच वर्षे फसवले आहे, आणि तेच सांगण्यासाठी हे पत्र.

पायथागोरसचा सिद्धान्त शिकवायचा. सिद्धता फळ्यावर, मग दोन उदाहरणे मी सोडवून दाखवायची आणि मग त्याच जातीची वीस उदाहरणे मुलांनी सोडवायची. पहिल्या पाचांत अडखळतात, दहाव्यापर्यंत हात बसतो, विसावे तर बोलता बोलता सुटते. ‘समजलं का रे?’ ‘समजलं बाई!’ तास संपतो. घटक चाचणीत गुण छान. आणि वार्षिक परीक्षेत तेच उदाहरण आले की निम्म्या उत्तरपत्रिका कोऱ्या. शिक्षकखोलीत पेपर तपासताना आम्ही सगळे एकमेकांना एकच वाक्य ऐकवत असू, ‘मुलं अभ्यासच करत नाहीत हो.’ मीही म्हणत असे, आणि मनापासून म्हणत असे.

मग डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. अमेरिकेतले सातवीचे 54 वर्ग. त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. दोन्हीकडे उदाहरणे तीच. फरक एवढाच की एका गटाला एका प्रकारची उदाहरणे सलग मिळाली, दुसऱ्याला वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करून. महिन्याभराने मुलांना आधी काही न सांगता चाचणी घेतली. सलग सराव केलेल्यांना 38 टक्के, सरमिसळ केलेल्यांना 61 टक्के.

आकडा वाचून मी हलले, पण पटले ते कारण. प्रकरणाच्या शेवटी एकाच जातीची वीस उदाहरणे असतात तेव्हा कोणती रीत वापरायची हे मुलाला ठरवावेच लागत नाही, प्रकरणाच्या नावाने ते आधीच सांगून टाकलेले असते. परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव कुणी लिहीत नाही. खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी पायथागोरसच्या वीस उदाहरणांत एक त्रिकोण असा घुसवला की ज्यात काटकोनच नव्हता. बहुतेकांनी न बघता दोन बाजूंचे वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. या मुलांना रीत येत होती. ती कधी वापरायची नाही, हे त्यांना मी कधी विचारलेच नव्हते.

मग सरमिसळ सुरू केली आणि पहिले तीन आठवडे अगदी वाईट गेले. तोवर कधी न चुकणाऱ्या मुली चुकू लागल्या. गृहपाठाला वेळ जास्त लागू लागला (रोहरर यांच्या प्रयोगातही लागला होता, हे मागून लक्षात आले). वह्या लाल शाईने भरल्या. एका पालकांनी विचारले, ‘बाई, तुम्ही हल्ली नीट शिकवत नाही का?’ तासाच्या शेवटचे ते खणखणीत ‘समजलं बाई!’ बंद झाले, आणि खरे सांगते, मलाच चुकल्यासारखे वाटू लागले.

अनुभव फसवतो तो इथे. टिकणारी रीत आणि त्या तासाला झकास दिसणारी रीत, या दोन वेगळ्या असू शकतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 75 विरुद्ध 81 टक्के. आठवड्याने विचारले तर पारडे फिरले: आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. त्यांच्याच पुढच्या प्रयोगात ज्यांनी तोच मजकूर परत परत वाचला होता, त्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री होती. म्हणजे शिकणाऱ्यालाही स्वतःचे कळत नाही, मग समोर उभ्या असलेल्या बाईंना कुठून कळणार?

पत्रलेखक ज्या अनुभवाचा दाखला देतात, तो बराचसा ‘पाच मिनिटांनंतरचा’ अनुभव आहे. तासाचा शेवट आम्ही रोज पाहतो. आठवड्यानंतरचे, महिन्यानंतरचे फारसे पाहत नाही. पाहिले तरी ते आपल्या शिकवण्याशी न जोडता मुलांच्या आळसाशी जोडतो. संशोधक आमच्यापेक्षा हुशार असतात असे माझे मुळीच म्हणणे नाही. ते महिन्याने परत येऊन दोन वर्ग शेजारी ठेवून बघू शकतात. आम्हाला तोवर पुढचे प्रकरण संपवायचे असते.

आता लेखकांविषयी. ‘संशोधन सांगते’ हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला एक प्रश्नावली वाटली होती. तीवरून मुलांची विभागणी करायची: पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी, हाताने करून शिकणारी. हेही ‘संशोधन’ म्हणूनच आले होते. मी इमानेइतबारे प्रश्नावली भरून घेतली आणि एका मुलाला सांगून मोकळी झाले की तू पाहून शिकणारा. पुढे शाब्दिक उदाहरणे आली की तो पठ्ठ्या वही मिटून बसे. ‘बाई, मी वाचून शिकणाऱ्यांतला नाही ना!’ 2008 मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शैलींवरचे अभ्यास तपासले, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते असे दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना जवळपास मिळालाच नाही. आमचे प्रशिक्षण त्यानंतरचे होते.

केनियातली एक गोष्ट तर प्रत्येक शाळेच्या कचेरीत लावून ठेवावी अशी आहे. तिथे ज्या शाळांत भिंतीवरचे तक्ते होते, तिथल्या मुलांना गुण जास्त पडत. साधी तुलना केली तर तक्त्यांचा चांगला फायदा दिसे. मग 178 शाळा घेऊन त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून तक्ते दिले. गुणांत फरक पडला नाही. आधीच्या तक्तेवाल्या शाळा मुळात इतर बाबतींतही बऱ्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ. हा अभ्यास 2004 चा. शाळेत नवा फळा, नवे अ‍ॅप, नवी पेटी विकायला येणारा प्रत्येक जण ‘आमचं साहित्य घेतलेल्या शाळांचे निकाल बघा’ म्हणतो, तेव्हा मला ते तक्ते आठवतात.

त्याच देशात पाठ्यपुस्तके वाटली, तेव्हा फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. 2009 मध्ये छापलेला हा निष्कर्ष कुणी ‘पुस्तके निरुपयोगी’ असा वाचला तर अनर्थच. पुस्तके इंग्रजीत होती, आणि ती तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा होती. जे मूल पुस्तक वाचूच शकत नाही, त्याला ते फुकट दिले काय आणि न दिले काय. नुसता आकडा उचलला की असे होते.

म्हणून लेखकांनी सुचवलेला उपाय, म्हणजे सिद्ध झालेल्या पद्धतींची यादी करून ती परिपत्रकाने सक्तीची करणे, मला धोक्याचा वाटतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 पासून चाललेल्या मोठ्या प्रयोगात 13 ते 17 मुलांच्या छोट्या वर्गांना फायदा झाला. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये छोटे वर्ग घाईने राज्यभर आणले. इतके शिक्षक आणायचे कुठून? पुरेशी पात्रता नसलेलेही घेतले गेले, आणि टेनेसीसारखा स्पष्ट लाभ काही दिसला नाही. आमच्याकडेही उद्या ‘सरमिसळ सराव’ असा रकाना टाचणवहीत येईल आणि आम्ही तो नेटकेपणे भरू. त्यापुढे काही होणार नाही.

माझी मागणी लहान आहे. आठवड्यातून एक तास एकाच इयत्तेचे दोन शिक्षक एकत्र बसू शकतील एवढी जागा वेळापत्रकात हवी. आणि वह्या तपासायला येणाऱ्यांनी बरोबरच्या खुणा मोजणे थांबवावे. महिनाभर वह्या लाल दिसल्या तर चालेल, असे कुणी तरी वरून सांगावे लागते, नाही तर कोणताही शहाणा शिक्षक पाच मिनिटांनंतरच्या 81 टक्क्यांकडेच जाणार. मीही जाईन. नव्या पद्धतीची कुणी भलामण करू लागले की मी हल्ली एवढेच विचारते, ‘किती दिवसांनी मोजलं?’ बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपते.

माझ्या वर्गाचे काय झाले म्हणाल, तर वार्षिक परीक्षेत काही मुलांनी आधी काटकोन शोधला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. ते सरमिसळीमुळेच, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी वर्ग लहान होता आणि मीही जरा जास्तच झटत होते. म्हणून यंदा शेजारच्या तुकडीच्या बाईंशी बोलून ठरवले आहे. एका प्रकरणाला सरमिसळ त्यांच्याकडे, सलग सराव माझ्याकडे. पुढच्या प्रकरणाला अदलाबदल. दोन्ही तुकड्यांना महिन्याने एकच चाचणी. आपण जिंकू अशी त्यांना खात्री आहे, मला नाही. चाचणीची तारीख मुलांना अर्थातच सांगितलेली नाही. आपले वृत्तपत्र त्यांच्यापैकी काहींच्या घरी येते, म्हणून इथेही लिहीत नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका