उपवासाच्या पाककृतीखाली एक ओळ हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापना जवळ आली की पुण्यातल्या सगळ्याच दैनिकांच्या पुरवण्या उपवासाच्या पाककृतींनी भरून जातात. साबुदाण्याचे नवनवे प्रकार, भगरीचे डोसे, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा. हे पदार्थ करणारी आणि नऊ दिवस ते खाऊन राहणारी बहुतेक घरांत एकच असते, चाळिशी ओलांडलेली घरची बाई. तिच्या शरीरात याच वयात जे चाललेले असते त्याला हे ताट फार अपुरे पडते. ते कुठे आणि किती, हे आकड्यांत सांगावे म्हणून हे पत्र.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. आपल्याकडे हे वय साधारण ४६-४७, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे अलीकडे. त्याआधीची काही वर्षे पेरिमेनोपॉजची. कुणाची दोन, कुणाची आठ. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन हळूहळू उतरत जाते असा समज आहे, पण प्रत्यक्षात ते हेलकावे खाते, मधूनच नेहमीपेक्षा वरही जाते. आधी कमी पडते ते प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्रीहार्मोन, कारण काही महिने बीज बाहेरच पडत नाही. म्हणून पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने दडी मारते आणि मग आली की आवरत नाही. रात्रीचा घाम, तीनला येणारी जाग, धडधड, चिडचिड, आखडलेले सांधे, आहार तोच असून वाढलेला कमरेचा घेर, ही सगळी त्याच काळातली मंडळी. पंचेचाळिशीनंतर हे निदान लक्षणांवरून करायचे असते. एफएसएच या हार्मोनची एकच रक्ततपासणी करून ‘हार्मोन्स नॉर्मल आहेत’ असा निर्वाळा देण्यात अर्थ नाही; आजचा आकडा पुढच्या महिन्यात राहत नाही.

आता ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली आहेत. या वयात स्नायू घटू लागतात, म्हणून किलोमागे एक ग्रॅम धरून चालणे शहाणपणाचे. साठ किलो वजन असेल तर साठ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनीन वाढलेले असेल, तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.) शाकाहारी घरातला नेहमीचा दिवस मोजून बघा. सकाळी पोहे, दाणे घातलेले: सहा ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि पातळ आमटी: तेरा. दिवसभराच्या चहातले दूध: चार. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटे किंवा मूठभर चिवडा: दोन. रात्री पोळी-भाजी किंवा खिचडी: दहा. बेरीज पस्तीस. पोट भरलेले असते, त्यामुळे काही कमी पडतेय हे लक्षातच येत नाही.

पस्तीसचे साठ करायला पावडरचा डबा लागत नाही. पोह्यांऐवजी आठवड्यातून तीन-चारदा हिरव्या मुगाची धिरडी करावीत, माणशी ४० ग्रॅम मूग भिजवून. नऊ-दहा ग्रॅम तिथेच मिळतात. दुपारी आमटीच्या पाण्याऐवजी वाटीभर मटकीची किंवा मसुराची घट्ट उसळ (३० ग्रॅम कोरडे कडधान्य, सात ग्रॅम) आणि वाटीभर दही (चार-पाच ग्रॅम). चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी ३० ग्रॅम फुटाणे, सहा ग्रॅम. रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठले, झोपण्याआधी कपभर दूध. अंडी खात असाल तर काम आणखी सोपे, दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम. चूक बहुतेक वेळा वाटणीत होते. उसळीतला डावभर रस बाईच्या ताटात आणि कडधान्य मुलांच्या, हे आजही सर्रास चालते. दुसरी चूक म्हणजे सगळे प्रथिन रात्रीच्या जेवणावर ढकलणे. तिन्ही वेळेला वीसेक ग्रॅम पोटात गेले तर स्नायूंना ते अधिक कामी येते.

उपवासाच्या दिवशी हा हिशेब आणखी कोसळतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ताटलीभर खिचडीत पाच ग्रॅम प्रथिने असतात आणि तीही सगळी दाण्याच्या कुटाची. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचे पापड, रात्री वडे असे नऊ दिवस झाले की ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उष्मांकांच्या बाबतीत खरी ठरते आणि प्रथिनांच्या बाबतीत उलटी. साखर झपकन चढते, उतरते, दोन तासांत पुन्हा भूक. भाज्या जवळजवळ नसल्याने पोट साफ होत नाही, आणि आधीच उडालेली झोप आणखी उडते.

उपवास सोडा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उपवासालाच चालणाऱ्या पदार्थांत उत्तर आहे. राजगिऱ्याच्या ५० ग्रॅम पिठाचे थालीपीठ (साडेसहा ग्रॅम), भगरीबरोबर ४० ग्रॅम दाण्यांची आमटी (दहा ग्रॅम), दिवसभरात दोन वाट्या दही, एक मोठा पेला दूध, ५० ग्रॅम पनीर. एवढ्यात चाळीस-बेचाळीस ग्रॅम होतात. खिचडीच खायची तर साबुदाणा निम्मा, दाणे दुप्पट, तूप चमचाभर आणि सोबत वाटीभर दही. काकडीची कोशिंबीर आणि लाल भोपळ्याचे भरीत चालत असेल त्या घरी ते रोज असावे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपवास धरू नये. साखर खाली जाऊन चक्कर येते ती ‘उपवासाची’ समजून दुर्लक्षिली जाते.

म्हणून आमची विनंती आहे की पुरवणीत छापून येणाऱ्या प्रत्येक उपवासाच्या पाककृतीखाली एक ओळ द्यावी: माणशी प्रथिने किती, कॅल्शियम किती. जागा दीड सेंटिमीटर लागेल. फोटो तेवढा लहान करता येईल.

सणांच्याच संदर्भात आणखी एक. गौरी-गणपती आणि नवरात्रात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय नेल्या जातात. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातले नेहमीचे औषध. ते पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायचे असते. ज्यांच्या पाळीला तारीखच उरलेली नाही त्यांनी ‘तीन दिवस आधी’ कुठून मोजायचे? मग गोळी उशिरा सुरू होते, मधेच ठिपके पडू लागतात, डोस वाढवला जातो आणि गोळ्या थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी तुंबलेला रक्तस्राव एकदम होतो. शिवाय या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, वजन बरेच जास्त असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या बायकांना त्याचा धोका अधिक. रक्तस्राव थांबवण्याच्या ट्रॅनेक्झॅमिक गोळ्या मनानेच त्याच्या जोडीला घेणे तर अजिबात नको.

हाडांकडे वळू. शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून पुढची दोनएक वर्षे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. म्हणजे पाळी ‘गेल्यावर’ कॅल्शियमचे बघू म्हणणारी उशीर करते. शिफारस रोज १००० मिलिग्रॅमची, रजोनिवृत्तीनंतर १२०० ची. पुण्याच्या घरांत ‘आम्ही रोज ताक पितो’ हे उत्तर हमखास मिळते. दोन चमचे दह्यात पेलाभर पाणी घातलेल्या ताकात ४० मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम नसते. त्यापेक्षा ३०० मिली दूध (साधारण ३५० मिग्रॅ), वाटीभर दही (पावणेदोनशे) आणि ४० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी किंवा आंबील (१४५) धरा. उरलेल्यातले अडीच-तीनशे बाकीच्या जेवणातून येते. नाचणीचे सत्त्व वस्त्रगाळ करून पांढरेशुभ्र केले की कॅल्शियमचा मोठा भाग चोथ्याबरोबर जातो, कारण तो सालीतच असतो. पालकातले कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे अंगी फारसे लागत नाही. तिळाचेही पूर्ण लागत नाही, तरी चटणीत चमचाभर तीळ असावेतच.

गोळी घ्यायचीच झाली तर कॅल्शियम कार्बोनेटची जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोहाची गोळी तिच्यासोबत कधीच नको. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोह तिच्यानंतर चार तासांनी. सकाळी उठून सगळ्या गोळ्या एकत्र गिळल्या की थायरॉइडचा डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली का येत नाही, याचे कोडे मग सुटत नाही.

ड जीवनसत्त्वाचे वेगळेच. स्कार्फ, सनकोट, हातमोजे, गॉगल घालून स्कूटरवरून जाणारी बाई ही आपल्या शहराची ओळख. ऊन भरपूर, त्वचेला मात्र ते लागत नाही. तपासणीत कमतरता निघाली तर ६०,००० युनिटचे सॅशे सहसा आठवड्याला एक असे आठ आठवडे देतात. गडबड दोन प्रकारे होते. कुणी रोज एक घेते, कुणी वर्षभर दर आठवड्याला चालूच ठेवते. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

व्यायाम म्हणजे सारसबागेत किंवा तळजाईवर गप्पा मारत फेऱ्या, असे समीकरण झाले आहे. हृदयासाठी, मनासाठी ते उत्तम, आठवड्याला दीडशे मिनिटे झालेच पाहिजे. पण स्नायू आणि हाडांना वाढता भार लागतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती ठेवून, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, भिंतीवर हात टेकून दहा दंड, पायरीच्या कडेवर उभे राहून पंधरा वेळा टाचा उचलणे, पाठीवर झोपून दहा वेळा कंबर उचलणे, प्रत्येक प्रकार दोनदा. बारा वेळा सहज जमू लागले की दोन्ही हातांत किलोकिलोच्या डाळीच्या पिशव्या घ्या, पुढे दोन किलो. इथे थांबणाऱ्या फार. वर्षभर त्याच रिकाम्या हाताने उठ-बस केली तर शरीर तिथेच राहते. उठताना गुडघे आत वळू देऊ नका, श्वास कोंडू नका. सूर्यनमस्कार चांगलेच, फक्त त्यात भार वाढवता येत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणेही छान. गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना, म्हणून उतरणे सावकाश, कठड्याला धरून.

शिंकताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढून पाच सेकंद धरावेत, पाच सेकंद सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. बऱ्याच जणी ओढण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने त्रास वाढतो. झोपेसाठी दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद आणि रात्रीचे जेवण शक्य तेवढे आठच्या आत. सगळ्यांचे होईपर्यंत थांबून साडेदहाला जेवायची सवय मोडायला घरच्यांचीही मदत लागते. ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर पैसे घालवू नयेत. अश्वगंधेच्या कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफा असह्य होत असतील तर हार्मोन उपचार हा खरा उपाय आहे आणि साठीच्या आतल्या बहुतेक निरोगी स्त्रियांना तो चालतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचे आजार असलेल्यांना नाही. आणि हो, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असे नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचे असते.

शेवटी रक्तस्राव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले आहे, आणि त्यावर या काळातली जास्तीची पाळी. हिमोग्लोबिन बरे असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेले असू शकते. दम लागणे, केस गळणे, पायांची अस्वस्थता ही त्याची खूण. जेवणातले लोह अंगी लागावे म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको, उसळीवर लिंबू पिळा, चिंच-कोकमाची आमटी लोखंडी कढईत करा. मात्र एकदा साठा रिकामा झाला की आहाराने तो भरत नाही, गोळ्या लागतात.

‘पाळी जायच्या वेळी असे होतेच’ हे वाक्य सर्वांत महागात पडते. तासाला एक पॅड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांहून जास्त चालणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, यातले काहीही झाले तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. रक्ताची तपासणी, टीएसएच, सोनोग्राफी, आणि पंचेचाळिशीनंतर गरजेप्रमाणे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे हा क्रम. गर्भाशय काढण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसरे मत घ्यावे, कारण आधी गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन हे पर्याय असतात. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. शहरातल्या सुशिक्षित घरांत ‘कटकट काढून टाका’ हा विचार काही वेगळा नाही. बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. डॉक्टरांकडे जाताना मागच्या तीन महिन्यांच्या तारखा, रोजचे पॅड किती आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आणि बारा महिने पाळी बंद राहून नंतर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

आपल्या नम्र,
आहार आणि स्त्रीआरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या काही जणी, पुणे