नसा तुंबत नाहीत, झडपा गळतात

महोदय,

पायांवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांसाठी ‘बंद नसा मोकळ्या करणारे तेल’ विकणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. यातला मूळ समजच चुकीचा आहे. व्हेरिकोज व्हेन्समध्ये बहुतेकांची शीर तुंबलेली नसते, तिच्या झडपा गळत असतात.

शिरेत ठरावीक अंतरावर दोन पातळ पाकळ्यांची झडप असते. रक्त वर जाताना ती उघडते. खाली घसरू लागले की पाकळ्यांचे खिसे भरतात आणि कडा एकमेकींना भिडतात. नुसते उभे राहिल्यास घोट्याजवळ शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरइतका असतो. चालताना पोटरी रक्त वर ढकलते आणि तो ३०च्या खाली येतो, पण झडपा धड असतील तरच. शिरेची भिंत सैल पडून ती रुंदावली, की कडा भिडत नाहीत. मग वरचे रक्त खालच्या झडपेवर येते, तीही निकामी होते. म्हणूनच गळती बऱ्याचदा जांघेत सुरू होते आणि खाज, काळपट डाग, न भरणारी जखम घोट्याच्या आतल्या बाजूला दिसते. तेल चोळून पाकळ्या जुळत नाहीत.

डॉपलर तपासणी, म्हणजे शिरेतले रक्त कुठल्या दिशेने वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, उभे राहून व्हायला हवी. पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटे वाहिले, तर झडप निकामी. झोपवून केलेल्या तपासणीत नुसते ‘गुठळी नाही’ एवढेच लिहून आले असेल, तर झडपांचा प्रश्न तसाच राहिला.

दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी, सूज चढण्यापूर्वी घालावेत. वरची कड दुमडू नये, तिथेच आवळते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. तिथला रक्तपुरवठा कमी असेल तर हेच मोजे घातक ठरतात.

लेझरने झडप दुरुस्त होत नाही, ती शीरच बंद करतात. ‘मग रक्त जाणार कुठून?’ ही भीती अनाठायी आहे. पायातले जवळपास नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जाते. त्या शाबूत आहेत ना, एवढे आधी पाहावे लागते.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला खुर्चीत बसवू नये. आडवे करून पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने त्याच जागी दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबावे. जखमेच्या वरच्या बाजूला दोरी किंवा रुमाल आवळू नये. त्याने शिरेतला दाब वाढून रक्त आणखी जाते.

– एक शल्यचिकित्सक, पुणे