सर, तुम्ही त्या दिवशी 'नाही' म्हणालात

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव घालत नाही. "नाव घातलंस तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही," असं तुम्ही बजावलंय, आणि तुमचा शब्द मोडायची माझी टाप नाही. निपाणी-कागल पट्ट्यात ज्यांनी तंबाखू केली, त्यांतले निम्मे तरी ओळखतीलच.

आठ वर्षं झाली. गावात एक एजंट आला होता. चाळीस हजार दिले की तंबाखू बोर्डाचं लायसन, भट्टीला अनुदान आणि बोर्डाच्या लिलावात मालाची विक्री, असं सगळं एका पिशवीत घालून विकत होता. बायकोच्या पाटल्या गहाण टाकायला मी निपाणीला आलो आणि वाटेत सहज तुमच्या कानावर घातलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "बोर्ड आहे, 1976 पासून गुंटूरला आहे. पण त्याचं लायसन आणि लिलाव व्हर्जिनिया, म्हणजे सिगारेटच्या तंबाखूला. ती हुणसूर-पेरियापट्टणकडं पिकती, भट्टीत गरम हवेवर वाळती. आपली विडीची, उन्हात वाळणारी. तुला भट्टी काय भाकरी भाजायला पाहिजे?"

पाटल्या घरी परत आल्या. बायको अजून तुमच्या नावानं हात जोडते.

त्याच बैठकीत तुम्ही बाकीचंही सांगितलंत. केंद्राच्या हमीभावाच्या 22 पिकांत आपली तंबाखू नाही, भाव व्यापाऱ्याच्या वखारीतच ठरणार. माझे वडील 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींनी केलेल्या आंदोलनात पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर बसले होते, 6 एप्रिलचा पोलिसांचा गोळीबार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून सरकारच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. माझा सगळ्यावर होता. काय मिळतं आणि काय मिळत नाही हे सरळ सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

मग जे मिळत होतं ते तुम्ही दाखवलंत. धारवाड विद्यापीठाच्या निपाणीतल्या संशोधन केंद्रावर तुमची हयात गेली, तिथलं शुद्ध बी मला मिळवून दिलंत. ग्रॅमभर बियांत दहा हजारांवर दाणे असतात. आम्ही मुठीनं फेकायचो आणि तरू, म्हणजे वाफ्यातली रोपं, दाट होऊन कोलमडलं की पावसाला शिव्या द्यायचो. वाळूत कालवून, उंच गादीवाफ्यावर विरळ टाकायला तुम्ही शिकवलंत.

आणि बंबाखू! तंबाखूच्या मुळाला चिकटून फुकट जेवणारं ते भूत. आम्ही उपटून बांधावर टाकायचो, कधी शेणखतात. तुम्ही भर उन्हात खाली बसून त्याचं बोंड फोडलंत आणि तपकिरीसारखं बी माझ्या तळहातावर ओतलंत. "हे वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. फुलायच्या आधी उपट आणि जाळून टाक." पहिल्या दोन हंगामांत फरक दिसेना, मी मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली. तिसऱ्या वर्षी रान उजळलं.

आईचंही लिहायलाच हवं. शेंडा खुडायच्या दिवसांत तिला मळमळ व्हायची, ओकाऱ्या यायच्या. आम्ही पित्त म्हणायचो, शेजारीण नजर लागली म्हणायची. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, हे तुमच्याकडूनच कळलं. पानावरचं दव वाळल्यावर रानात जा, पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे घाला, एवढंच सांगितलंत. हातमोज्यांना गाव हसलं. आता हसणाऱ्यांच्या घरीही हातमोजे दोरीवर वाळत असतात.

विक्रीचं एकच सांगतो. प्रत्येक बोद, म्हणजे तंबाखूचं पोतं, घरी वजन करून वहीत लिहायची सवय तुम्ही लावलीत. एका वखारीत वजन कमी भरलं तेव्हा मी नुसती वही उघडून ठेवली. भांडावं लागलं नाही.

तुमचं एक मात्र मला पटायला वेळ लागला. तंबाखूऐवजी दुसरं पीक घेणाऱ्यांसाठी केंद्राची पीक विविधीकरण योजना 2015-16 पासून महाराष्ट्रातही आहे, कर्नाटकातही. तिची चौकशी कर म्हणून तुम्ही मागे लागला होतात. ज्या माणसानं उभा जन्म तंबाखूच्या रोपात काढला, तोच म्हणतो तंबाखू कमी कर! मला राग आला होता. तुम्ही स्वतः कधी चिमूटभरही खाल्ली नाहीत, हे तेव्हा आठवलं. आज साडेतीन एकरांपैकी दीड एकरात सोयाबीन आणि त्यामागं हरभरा असतो. हमीभावाच्या यादीत दोन्ही आहेत, पण बाजारात तो मिळतोच असं नाही. यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि मिटू नये. दोन एकर तंबाखू मी सोडलेली नाही. तेवढी मुभा द्या.

यंदाचं तरू टाकलंय. लावणीच्या आधी एकदा येऊन बघून जा. बांधावरची बाभूळ तोडायला भावकी मागं लागली होती, मी तोडू दिली नाही. तुम्हाला बसायला सावली लागते.

आपला,
कागल तालुक्यातला एक तंबाखूवाला